कुत्र्याच्या गळ्यातला टॅग: पहिल्यांदाच घेत असाल तर

कुत्रा हरवला की आपण पोस्टर छापतो, ग्रुपवर फोटो टाकतो, रात्रभर गल्ल्या पालथ्या घालतो. हे सगळं करावंच लागतं. पण लवकर सापडणारा कुत्रा बहुधा वेगळ्याच वाटेने घरी येतो. कुणीतरी अनोळखी माणूस त्याला थांबवतो, गळ्यात काय आहे ते बघतो आणि फोन लावतो. हा माणूस म्हणजे पलीकडच्या सोसायटीचा वॉचमन, स्टँडवरचा रिक्षावाला, पहाटे दूध टाकणारा मुलगा, क्लासहून सायकलवर परतणारी मुलगी. एका हातात पट्टा धरलेला, दुसऱ्या हातात मोबाइल. कुत्रा बिथरलेला असतो, स्वस्थ उभा राहत नाही. कधी पाऊस असतो, कधी अंधार. माणूस कितीही भला असला तरी त्याच्याकडे दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नसतो. तेवढ्यात नंबर दिसला पाहिजे, वाचता आला पाहिजे आणि लागला पाहिजे.

टॅग निवडताना हा माणूस डोळ्यांसमोर ठेवा. धातू कोणता, आकार केवढा, क्यूआर कोड हवा की नको, मराठीत लिहायचं की इंग्रजीत, या सगळ्यांची उत्तरं त्याच्याकडे बघूनच मिळतात. दुकानात छान दिसणारे बरेच टॅग या कसोटीला उतरत नाहीत.

आज रात्रीच करायचं काम

टॅग बनून हातात येईपर्यंत थांबू नका. पट्टा फिकट रंगाचा असेल तर त्यावर परमनंट मार्करने तुमचा मोबाइल नंबर लिहा. गडद असेल तर पांढऱ्या कापडाची पट्टी शिवून तिच्यावर लिहा. दोन-चार आंघोळींत ते पुसट होईल, पण तोवर टॅग आलेला असेल.

कुत्रा नुकताच दत्तक घेतला असेल, तर हे काम त्याला घरी आणण्याआधीच करा. पहिले काही दिवस त्याला ना घर ओळखीचं असतं, ना तुम्ही, ना तुम्ही ठेवलेलं नाव. लिफ्टचा आवाज झाला, दार उघडं दिसलं, की तो सुटतो, आणि सुटल्यावर परत कुठे यायचं हेच त्याला माहीत नसतं.

तुमचा कुत्रा इंडी, म्हणजे आपला देशी गावठी असेल तर टॅगची निकड दुप्पट. रस्त्यावर मोकळा लॅब्रडॉर दिसला की चार माणसं विचारतात, हा कुणाचा? इंडी दिसला तर कुणी विचारत नाही, तो तिथलाच असं धरून चालतात. नुसता पट्टा असला तरी फरक पडत नाही, कारण आपल्या शहरांत भटक्या कुत्र्यांना खायला घालणारे लोक रात्री गाड्यांना दिसावेत म्हणून त्यांच्याही गळ्यात चमकणारे पट्टे बांधतात. त्यात तुमच्या कुत्र्याची नसबंदी रस्त्यावर असतानाच झाली असेल, तर त्याच्या कानाला बारीक छाट असते. प्राणी जन्म नियंत्रण कार्यक्रमात नसबंदी झाल्याची ती खूण. बघणारा ती पाहतो आणि हा वस्तीतलाच कुत्रा आहे असं समजून पुढे जातो. गळ्यातला फोन नंबर हा अशा कुत्र्याला घर असल्याचा एकमेव दिसणारा पुरावा असतो.

आधी पट्टा नीट करा

टॅगइतकाच पट्ट्याचाही विचार करा, कारण पट्टा निसटला की टॅगही गेला. मानेभोवती बांधल्यावर आत दोन बोटं आरामात जावीत, त्याहून सैल नको. मान मागे ओढून पट्टा कानांवरून निघतो का, हे घरातच करून बघा. पिल्लू असेल तर दर आठवड्याला तपासा. पिल्लं इतक्या भराभर वाढतात की आज बरोबर बसणारा पट्टा पंधरवड्यात काचायला लागतो.

रोजच्या वापराला नायलॉनचा किंवा जाड सुती सपाट पट्टा पुरतो. कातडी पट्टा दिसतो छान, पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. ओल्या पट्ट्याखाली कातडी लाल होते, खाज सुटते, गोचिड्याही तिथेच दबा धरून बसतात. म्हणून पावसाळ्यात दोन पट्टे आलटून पालटून वापरा. इथे एक गोष्ट हमखास निसटते: टॅग पहिल्या पट्ट्यावर लटकत राहतो आणि कुत्रा दुसरा पट्टा घालून फिरायला जातो. दोन पट्टे असतील तर टॅगही दोन करा. छातीचा हार्नेस वापरत असाल तर त्याच्यासाठी तिसरा. टॅग ही काही फार महाग वस्तू नाही.

ओढल्यावर आवळणाऱ्या साखळीला टॅग कधीच लावू नका. ती साखळी एकट्या कुत्र्याच्या गळ्यात ठेवायची वस्तूच नव्हे.

टॅगवर काय लिहायचं

खरा विचार इथे करायचा आहे. जागा इवलीशी असते, तेव्हा पहिला मान फोन नंबरचा.

नंबर कुणाचा? जो माणूस बहुतेक वेळ कुत्र्याच्या आसपास असतो त्याचा. हे सांगायला सोपं वाटतं, पण घराघरांत उलटं घडतं. टॅगची ऑर्डर मुलगा देतो, नंबरही स्वतःचा देतो आणि नोकरीसाठी बंगळुरूला किंवा अमेरिकेला निघून जातो. कुत्रा राहतो पुण्यात आजी-आजोबांकडे. रात्री दोन वाजता वॉचमनने फोन लावला तर तो लागावा आजोबांना. शिवाय परदेशी गेलेल्याचं भारतातलं सिम बरेच महिने वापरलं नाही तर बंद होतं. घरात लँडलाइन चालू असेल तर दुसरा नंबर म्हणून ती उत्तम, फक्त एसटीडी कोडसकट घाला.

दुसरा नंबर हवाच. पण कुत्र्याला घेऊन गावाला निघताना नवरा-बायको दोघं एकाच गाडीत असतात, आणि घाटात दोघांचीही रेंज एकदमच जाते. म्हणून दुसरा नंबर घराबाहेरच्या कुणाचा तरी द्या: शेजारच्या काकूंचा, बहिणीचा, कुत्रा ज्याला ओळखतो अशा मित्राचा. त्यांना आधी विचारा, सांगून ठेवा.

आता आकडे. नंबर इंग्रजी आकड्यांतच घाला. हे मराठीवरच्या प्रेमाचं काम नाही, घाईत वाचता येण्याचं आहे. मोबाइलच्या कीपॅडवर इंग्रजी आकडेच दिसतात. त्याहून मोठी अडचण अशी की छोट्या टॅगवर मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा, आणि मराठी ५ बघून कुणीही इंग्रजी चार दाबेल. झिजलेल्या टॅगवर टॉर्चच्या उजेडात वाचताना एवढा गोंधळ पुरतो, आणि एक आकडा चुकला की फोन तिसऱ्याच घरी लागतो.

शब्द मात्र मराठीत घाला, आणि थोडेच. "फोन करा" एवढे दोन शब्द फार कामाचे आहेत. नुसता नंबर दिसला तर काही जण तो परवान्याचा किंवा लसीचा क्रमांक समजतात. शहरात बाहेरून आलेली माणसंही खूप असतात, पण देवनागरीतलं "फोन करा" हिंदीवाल्यालाही कळतं. गोव्यात, किंवा बेळगावच्या पुढे राहत असाल, तर हे दोन शब्द इंग्रजीतही घाला.

कुत्र्याचं नाव घालावं का, यावर कुत्रेवाल्यांत कायम वाद चालतो. नाव कळलं की चोर त्याला सहज नेईल, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. चोराला नावाची गरज नसते, बिस्किटाचा पुडा पुरतो. उलट घाबरलेल्या कुत्र्याला त्याच्या नावाने हाक मारली की तो कान टवकारतो, जरा शांत होतो आणि धरणाऱ्याचं काम सोपं होतं. म्हणून मागच्या बाजूला नाव घाला.

कुत्र्याला काही आजार असेल तर तो मात्र नावाच्याही आधी यायला हवा. "रोज औषध लागतं" किंवा "फिट येते" हे वाचलं की सकाळी बघू म्हणणारा माणूस लगेच फोन करतो. कुत्रा बहिरा असेल तर "बहिरा आहे" लिहा, नाहीतर हाक मारून थकलेला माणूस त्याला हट्टी समजून सोडून देईल. जातिवंत कुत्रा असेल आणि नसबंदी झालेली असेल, तर "नसबंदी झाली आहे" हेही लिहिण्यासारखं आहे. अशा कुत्र्यांच्या चोऱ्या पुष्कळदा पैदाशीसाठी होतात, तो हेतू तिथेच संपतो.

पूर्ण पत्ता, जात, बक्षिसाची रक्कम हे लिहू नका. पत्त्याने जागा खाल्ली जाते, आणि घर कुठे आहे हे कुत्रा बाहेर असताना प्रत्येकाने वाचण्याची गरज नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी मात्र हिशेब वेगळा आहे. तिथे १९९२ च्या आदेशानुसार सार्वजनिक जागी कुत्र्याच्या पट्ट्यावर किंवा त्याला लावलेल्या टॅगवर मालकाचं नाव आणि पत्ता असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०१६ पासून कातडीखालची मायक्रोचिपही. तिथल्या टॅगवर पत्ता आधी बसवा, फोन मग.

आकार आणि धातू

दहा रुपयांचं नाणं घ्या, त्याचा व्यास २७ मिमी. मध्यम आणि मोठ्या कुत्र्यासाठी जवळपास एवढा गोल टॅग ठीक. पग, पॉमेरेनियन, डॅशहुंड किंवा पिल्लू असेल तर २० मिमीच्या आसपासचा.

२५ मिमीच्या गोल टॅगवर दहा आकडे एका ओळीत बसवले तर प्रत्येक आकड्याला जेमतेम दोन मिलिमीटर रुंदी मिळते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चष्म्याशिवाय ते वाचता येत नाहीत. तेच पाच-पाच करून दोन ओळींत तोडले की आकडे जवळपास दुप्पट मोठे होतात. म्हणून टॅग कोणताही असो, नंबर दोन ओळींत. हाडाच्या आकाराचा टॅग सगळ्यांना आवडतो, पण त्याची मधली पट्टी अरुंद असते आणि दोन्ही टोकांची जागा फुकट जाते. गोल किंवा चौकोनी टॅगवर तेवढ्याच धातूत जास्त मजकूर मावतो.

वजनाचा अंदाज असा: २५ मिमी व्यासाचा, दीड मिमी जाडीचा टॅग स्टीलचा किंवा पितळेचा असेल तर साधारण सहा ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा असेल तर दोन ग्रॅम. मोठ्या कुत्र्याला सहा ग्रॅम जाणवतही नाहीत. दोन किलोच्या पिल्लाला जाणवतात, त्याच्यासाठी ॲल्युमिनियम घ्या.

ॲल्युमिनियम हलकं आणि स्वस्त, रंगीतही मिळतं, पण मऊ असल्याने लवकर झिजतं. रंगीत टॅगवर वरचा रंगाचा थर खरवडून अक्षरं उमटवलेली असतात, तो थर घासला की अक्षरंही जातात. पितळ खोदायला सगळ्यात चांगलं, अक्षर खोल आणि ठसठशीत उठतं. ते काळवंडतं, पण चिंचेने किंवा पितांबरीने घासलं की पुन्हा उजळतं, आणि खोदलेल्या खाचेत काळपट उतरला तर अक्षर उलट जास्त उठून दिसतं. स्टेनलेस स्टील सगळ्यात टिकाऊ. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, गोवा अशा खाऱ्या हवेत राहत असाल आणि कुत्रा समुद्रात खेळत असेल, तर ३१६ प्रतीचं स्टील मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे नेहमीच्या ३०४ प्रतीपेक्षा ते मिठापुढे जास्त टिकतं. प्लॅस्टिकवर छापलेला टॅग आणि फोटो असलेला टॅग घेऊ नका. उन्हाने छपाई उडते.

अक्षरं खोदलेली हवीत, छापलेली नकोत. नख फिरवून बघा. नखाला खाच लागली पाहिजे.

कुठे करून घ्यायचा

ऑनलाइन ऑर्डर करता येते, पेट शॉपमध्ये करून मिळतो, ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणारेही लेसरने करून देतात. पण माझी पहिली पसंती भांड्यांच्या दुकानात नावं घालणाऱ्या कारागिराला. लग्नाच्या आहेराच्या पातेल्यांवर आणि घागरींवर नाव घालण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं असतं. इतकं स्वच्छ देवनागरी अक्षर कुठल्या मशिनात सापडत नाही, आणि काम तिथल्या तिथे होतं.

तो टॅग लाकडी ठोकळ्यावर ठेवतो, अंगठ्याने दाबून धरतो आणि विजेची सुई चालू करतो. टर्रर्र असा आवाज येतो आणि एकाला एक लागून बारीक ठिपके उठत जातात, त्या ठिपक्यांचंच अक्षर बनतं. पेन्सिलने आधी आखत नाहीत, हात बसलेला असतो. म्हणूनच तुम्ही कागदावर सगळं मोठ्या अक्षरात, ज्या ओळीत हवं त्या ओळीत लिहून न्या. तोंडी नंबर सांगू नका. "काका, आकडे इंग्रजीत घाला, आणि पाच वर पाच खाली" हे आधीच सांगा, कारण भांड्यांवर तारीख घालायची सवय असल्याने त्यांचा हात आपसूक मराठी आकड्यांकडे वळतो. आणि सुई जरा दाबून चालवायला सांगा. पातेल्यावर नाजूक अक्षर शोभतं, टॅगवर खोल हवं. कोरा टॅग तुम्हीच नेलात तर बरं. काही दुकानांत पितळेच्या किंवा स्टीलच्या चकत्या त्यांच्याकडेच मिळतात, पण कडा गोल घासून घेतल्याची आणि भोक गुळगुळीत असल्याची बोट फिरवून खात्री करा.

ऑनलाइन मागवत असाल तर गणपतीच्या आधीच मागवा. ढोल-ताशांनी आणि पुढे दिवाळीच्या फटाक्यांनी कुत्रे सर्वांत जास्त पळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कुरिअर उशिरा येतं.

अडकवायचा कसा

टॅग हरवतात ते बहुधा कडीमुळे. नव्या टॅगसोबत येणारी कडी पातळ तारेची असते, एस आकाराचा हूक तर एका झटक्यात उघडतो. ती कडी फेकून द्या आणि किल्ल्यांना लावतात तशी दुहेरी वेढ्याची, लहान पण जाड स्टीलची रिंग घ्या. नखाने उघडायला त्रास झाला पाहिजे, इतकी घट्ट.

लीश, म्हणजे फिरवायची दोरी, ज्या कडीला लावता तिच्यात टॅग घालू नका. लीशचा हूक रोज टॅगवर आपटतो आणि अक्षरं खातो. पट्ट्यावर वेगळी छोटी कडी असेल तिथे लावा, नसेल तर शिवून घ्या. लसीचा बिल्ला आणि टॅग एकाच रिंगमध्ये असले तर दोन धातू दिवसभर एकमेकांवर घासतात. अक्षरं पुसतातच, शिवाय रात्री कुत्र्याने कूस बदलली की घरभर आवाज. मधे रबराची चकती घाला किंवा दोन्ही वेगळ्या जागी लावा.

लटकणाऱ्या टॅगला एक चांगला पर्याय आहे, तो लोकांना फारसा ठाऊक नाही. सपाट पट्टी पट्ट्यावरच रिव्हेट मारून बसवायची. लटकत नाही, वाजत नाही, पिंजऱ्याच्या जाळीत अडकत नाही, खेळताना दुसऱ्या कुत्र्याचा दात त्यात फसत नाही. बॅगा आणि चपला दुरुस्त करणारे दादा दोन मिनिटांत रिव्हेट मारून देतात. फक्त आतल्या बाजूला वॉशर घालून रिव्हेटचं डोकं सपाट ठोकून घ्या, टोक राहिलं तर मानेला जखम होते. पॉमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रिव्हरसारख्या केसाळ कुत्र्याला हाच प्रकार करायचा तर पट्टी मानेच्या वरच्या बाजूला येईल अशी बसवा आणि तिथले केस कमी ठेवा. लटकता टॅग त्यांच्या केसांत बुडतो, कुणाला दिसतच नाही. शाळेच्या गणवेशांवर बॅज विणून देणाऱ्यांकडून पट्ट्यावरच नंबर विणून घेणंही केसाळ कुत्र्यांसाठी उत्तम.

क्यूआर, जीपीएस आणि बाकीचं

क्यूआर टॅगबद्दल सगळेच विचारतात. स्कॅन केलं की कुत्र्याची माहिती, औषधं, मालकाचा नंबर, कुठे स्कॅन झालं ते ठिकाण, असं बरंच काही त्यात येतं. कल्पना चांगली आहे. आपल्याकडे भाजीवालीपासून सगळ्यांना स्कॅन करता येतं, त्यामुळे अडचण तंत्राची नाही, भीतीची आहे. कुठल्याही अनोळखी कोडला हात लावू नका, पैसे जातील, असं आपण सगळ्यांना शिकवलंय. ते बरोबरच शिकवलंय. म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यातला कोड स्कॅन करायला माणूस कचरतो. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला तर तो वाचताच येत नाही. शिवाय कोडमागची कंपनी बंद पडली की कोड निकामी.

तरी घ्यायचा असेल तर एका बाजूला कोड आणि दुसऱ्या बाजूला खोदलेला नंबर, असाच घ्या. कोडला चहूबाजूंनी मोकळी किनार हवी. सर्वाधिक दुरुस्तीक्षमता ठेवून बनवलेला कोड सुमारे ३० टक्के खराब झाला तरी वाचला जातो, म्हणून बनवणाऱ्याला ती पातळी मागा. घेतल्यावर शेजाऱ्याच्या जुन्या फोनवर, टॅग ओला करून, ॲप न उतरवता आणि लॉगिन न करता तो उघडतो का, ते बघा.

जीपीएसच्या पट्ट्याला सिम लागतं, चार्जिंग लागतं, रेंज लागते. शहरात पळणाऱ्या कुत्र्यासाठी उपयोगी, घाटात भरवसा नाही. ब्लूटूथचे छोटे टॅग आसपासच्या लोकांच्या फोनवर विसंबून असतात, आणि काहींमध्ये नाण्यासारखी बॅटरी असते. कुत्र्याने चावून ती गिळली तर अन्ननलिका भाजते, तेव्हा तडक डॉक्टरकडे पळावं लागतं. कुरतडणाऱ्या पिल्लाच्या गळ्यात ते नकोच.

मायक्रोचिप हा टॅगचा जोडीदार

घरात उन्हाळ्यात बरेच जण पट्टा काढून ठेवतात आणि नेमकं तेव्हाच दार उघडं राहतं. अशा वेळी उपयोगी पडते ती चिप. साधारण १२ मिमी लांब आणि २ मिमी जाड काचेची नळी, डॉक्टर ती सुईने खांद्यांच्या मधे कातडीखाली घालतात. बॅटरी नसते, ठिकाण सांगत नाही. वाचनयंत्र काही सेंटिमीटरवर धरलं की १५ आकडी क्रमांक दाखवते, एवढंच. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाणारी चिप मागा. घातल्यावर डॉक्टरांना यंत्र फिरवून क्रमांक दाखवायला सांगा, लसीच्या पुस्तिकेत लिहून घ्या, आणि तो क्रमांक तुमच्या फोन नंबरसह कुठे नोंदवला जातो ते विचारून स्वतः तपासा. नोंदच नसेल तर त्या १५ आकड्यांवरून तुमच्यापर्यंत कुणी पोहोचू शकत नाही. आणि वॉचमनकडे वाचनयंत्र नसतं, त्यामुळे चिप असली तरी टॅग हवाच.

कुत्र्याला घेऊन परदेशी जायचा विचार असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी चिप, मग रेबीजची लस. युरोपीय संघ आणि अमेरिका दोघांचाही तसा नियम आहे. चिपच्या आधी दिलेली लस धरली जात नाही, पुन्हा द्यावी लागते, आणि पुढच्या रक्ततपासणीसकट महिने वाढतात.

पुणे-मुंबईसह मोठ्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना लागतो, त्यासाठी रेबीज लसीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. बिल्ला मिळाला तर पट्ट्यावर लावा, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. त्यावरच्या क्रमांकावरून तुमच्यापर्यंत पोहोचायला कार्यालय उघडावं लागतं, आणि कुत्रे पळतात रात्री.

तयार झाल्यावर तपासणी

टॅग लावला की रात्री सोसायटीच्या वॉचमनकडे कुत्र्याला घेऊन जा आणि म्हणा, "दादा, हा नंबर वाचून मला फोन लावून बघा." तुम्ही काही सांगू नका. तो मोबाइलची टॉर्च लावेल, कुत्रा मान फिरवेल, टॅग चमकेल. स्टील फार चकचकीत असेल तर उजेड परतून अक्षरं दिसत नाहीत, अशा वेळी मंद चमकेचा पृष्ठभाग बरा पडतो. दोन्ही नंबर लावून बघा. अडखळला तर टॅग बदला. या तपासणीचा आणखी एक फायदा: वॉचमन तुमचा कुत्रा ओळखायला लागतो.

मग स्वतःचा फोन बघा. अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय चालू असेल तर बंद करा, निदान कुत्रा हरवलेला असताना तरी. पहिल्या फोनला उत्तर मिळालं नाही तर दुसरा करणारे लोक थोडे असतात. दुसऱ्या नंबरवाल्यांनाही हे सांगून ठेवा.

गावाला निघताना टॅगला एक तात्पुरती चिठ्ठी जोडा. किल्ल्यांना लावतात ती प्लॅस्टिकची पारदर्शक चकती मिळते, तिच्या आतल्या कागदावर जिथे उतरणार तिथल्या माणसाचा नंबर लिहा. गुहागरमध्ये हरवलेल्या कुत्र्यासाठी गुहागरचा नंबर जास्त उपयोगी. रेल्वेने नेताना तो तुमच्यासोबत फर्स्ट एसीच्या कूपेत नसेल आणि ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या सामानाच्या डब्यात असेल, तर याच चिठ्ठीवर गाडी क्रमांक आणि उतरायचं स्टेशनही लिहा.

फोन आलाच तर

पहिल्यांदा विचारा, कुठे आहात, आणि पट्टा सोडू नका असं सांगा. गाडीखाली किंवा जिन्याखाली बसला असेल तर ओढू नका, नुसतं जवळ थांबा, पाणी ठेवा, असं म्हणा. व्हिडिओ कॉल लावा म्हणजे कुत्रा तुमचाच आहे हेही कळेल आणि जागाही दिसेल. पोस्टरवर नंबर टाकल्यावर कुत्रा सापडलाय, आधी पैसे पाठवा, असे खोटे फोन येतात. म्हणून कुत्र्याची एखादी खूण, पोटावरचा ठिपका किंवा वाकडं नख, कुठेही जाहीर करू नका. फोन करणाऱ्याला तीच विचारा. खरा माणूस वाकून बघेल आणि सांगेल.

टॅगची देखभाल थोडीच आहे. आंघोळ घालताना रिंग सैल झाली का बघा, अक्षरं ब्रशने घासा, नंबर वाचून बघा. तुमचा किंवा दुसऱ्या नंबरवाल्यांचा फोन बदलला तर त्याच दिवशी नवा टॅग करायला टाका, तो येईपर्यंत पट्ट्यावर मार्करने लिहा. आणि जुना टॅग आठवण म्हणून शेजारी लटकत ठेवू नका. दोन वेगळे नंबर दिसले की माणूस आधी चुकीचाच लावतो, आणि तो लागला नाही की पुढे निघून जातो.